‘द ग्रीन हॉर्नेट’ (२०११): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या रेडिओ मालिकेचे चाहते आणि फक्त सेथ रोगनचा चित्रपट पाहिलेले, अशा दोन्हीकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न ७ पासून पुढे चित्रपटाचा शेवट उघड होतो. ज्यांना अजून पाहायचा आहे त्यांनी पहिल्या सहावरच थांबावं.

१. ग्रीन हॉर्नेट म्हणजे नेमका कोण?

ब्रिट रीड नावाचा एक तरुण, श्रीमंत वृत्तपत्र मालक. दिवसा ‘डेली सेंटिनेल’ चालवतो, रात्री मुखवटा चढवून केटो या साथीदाराबरोबर ‘ब्लॅक ब्यूटी’ नावाच्या गाडीतून बाहेर पडतो. उडता येत नाही, अंगात बळही चारचौघांइतकंच. हातात माणसाला बेशुद्ध करणाऱ्या वायूची बंदूक असते आणि डोक्यात एक नामी युक्ती. पोलिसांना आणि गुंडांना, दोघांनाही तो अट्टल गुन्हेगार वाटतो आणि हा गैरसमज तो जिवापाड जपतो. ‘तुमच्या धंद्यात माझा वाटा किती?’ असं विचारत तो गुंडांच्या अड्ड्यात शिरतो, त्यांची आपापसांत जुंपून देतो आणि पोलिस पोचायच्या आत पसार होतो. दुसऱ्या दिवशी त्याचंच वर्तमानपत्र त्याच्या नावानं बोंब मारतं. ही युक्ती लक्षात ठेवा, प्रश्न ९ मध्ये तिची गरज पडणार आहे.

२. हा मार्व्हलचा की डीसीचा?

दोघांचाही नाही. त्याचा जन्म कॉमिक्समध्ये झालाच नाही. ३१ जानेवारी १९३६ रोजी डेट्रॉइटच्या डब्ल्यूएक्सवायझेड या रेडिओ केंद्रावरून तो पहिल्यांदा ऐकू आला. कल्पना केंद्राचे मालक जॉर्ज ट्रेंडल आणि लेखक फ्रॅन स्ट्रायकर यांची. कॉमिक्स नंतर आली आणि वेगवेगळ्या प्रकाशकांकडून येत राहिली.

वयाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. इंद्रजाल कॉमिक्समुळे आपल्याला वेताळ म्हणून माहीत असलेला ली फॉकचा फँटम त्याच वर्षी फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत सुरू झाला. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा. म्हणजे ‘ही तर बॅटमॅनची नक्कल’ हे जे पत्र दर महिन्याला येतं, त्याला कॅलेंडरच उत्तर देतं.

३. रेडिओवर मुखवटेवाला नायक कसा चालायचा? दिसायचं तर काहीच नाही!

दिसायचं नाही म्हणूनच चालायचा. अर्ध्या तासाचा भाग. सुरुवातीला रिम्स्की-कोर्साकॉव्हची ‘फ्लाइट ऑफ द बंबलबी’ ही धावती रचना आणि तिच्यावर थेरमिन या वाद्यावर काढलेली गांधीलमाशीची घूंऽऽ. मग निवेदक खड्या आवाजात सांगायचा की हा शिकारी अशा समाजशत्रूंच्या मागावर आहे, ज्यांच्यापर्यंत सरकारी ‘जी-मेन’चेही, म्हणजे एफबीआयच्या माणसांचेही, हात पोचत नाहीत. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना हे झोंबलं आणि ते वाक्य बदलावं लागलं. रेडिओवरच्या एका काल्पनिक माणसाला एफबीआयनं इतकं मनावर घ्यावं, यातच मालिकेचं वजन कळतं.

सुरुवातीची काही वर्षं ब्रिटचा आवाज अल हॉज यांचा होता. गुन्हेही गल्लीतल्या पाकीटमारीचे नव्हते. कंत्राटात पैसे खाणारे, विम्याचे घोटाळे करणारे, दुकानदारांकडून हप्ते उकळणारे, नगरपालिकेत माणसं पेरून ठेवणारे, असे शहराला आतून पोखरणारे लोक इथे खलनायक असत. कचेरीत लेनोर केस ही हुशार सेक्रेटरी. शिवाय माइक ॲक्सफर्ड हा माजी पोलिस. तो हॉर्नेटला पकडायची स्वप्नं बघत हॉर्नेटच्याच पगारावर जगायचा आणि हे त्याला ठाऊक नसायचं.

भागाचा शेवट ठरलेला. रस्त्यावर पेपर विकणारा पोऱ्या ‘जादा अंक! जादा अंक!’ असं ओरडत बातमी सांगायचा: अमुक टोळी गजाआड, ग्रीन हॉर्नेट मात्र अजून मोकाट. खऱ्या गुन्हेगारांची नावं छापून यायची आणि त्यांना पकडून देणाऱ्याच्या माथी बदनामी. हा शेवट इतका नेमका होता की पुढच्या कुठल्याही अवतारात त्याला तोड मिळाली नाही. मालिका १९५२ पर्यंत चालली.

४. ग्रीन हॉर्नेट हा लोन रेंजरचा नातेवाईक आहे हे खरं का? मग चित्रपटात तसं का नाही?

खरं आहे. लोन रेंजर ही त्याच केंद्राची १९३३ पासूनची मालिका आणि तिचे मुख्य लेखकही स्ट्रायकरच. तिच्यात मुखवटेवाल्या घोडेस्वाराचा पुतण्या डॅन रीड येतो. हाच डॅन पुढे ब्रिटचा बाप. म्हणजे लोन रेंजर हा ब्रिटच्या वडिलांचा काका. १९४७ च्या एका भागात ब्रिट म्हाताऱ्या डॅनला आपलं गुपित सांगतो. म्हातारा आधी भडकतो, मग आपण तरुणपणी ज्याच्या बरोबरीनं घोडा दौडवला त्या पूर्वजाची आठवण काढतो. नाव घेत नाही. मागे फक्त काही क्षण लोन रेंजरचं संगीत वाजतं. ज्याला कळायचं त्याला कळतं. सगळ्या मालिकेतला माझा सर्वात आवडता प्रसंग हाच.

चित्रपटात हे नाही कारण हक्क वेगवेगळ्या हातांत आहेत. ट्रेंडलनी १९५४ मध्ये लोन रेंजर विकून टाकला, हॉर्नेट स्वतःकडे ठेवला. तेव्हापासून या दोघांना एका पडद्यावर आणायचं तर दोन मालकांची सही लागते. २०११ च्या चित्रपटात बापाचं नावसुद्धा जेम्स आहे.

५. ब्रूस ली यात होता ना?

होता, पण १९६६-६७ च्या टीव्ही मालिकेत. व्हॅन विल्यम्स हॉर्नेट आणि ब्रूस ली केटो. त्याच काळात बॅटमॅनची हलकीफुलकी मालिका करणारे विल्यम डोझियर याचेही निर्माते होते, पण इथे त्यांनी थट्टा बाजूला ठेवली. एकच हंगाम चालली, २६ भाग. ली इतका झपाट्यानं हात चालवायचा की कॅमेऱ्यात पकडता यावा म्हणून त्याला वेग कमी करायला सांगावं लागलं. हाँगकाँगमध्ये लोक या मालिकेला सरळ ‘केटो शो’ म्हणायचे. बॅटमॅनच्या मालिकेत हे दोघे पाहुणे म्हणून गेले तेव्हा रॉबिन आणि केटोची मारामारी बरोबरीत सोडवली. ती पाहताना हसू आवरत नाही.

या मालिकेनं एक कायमचा घोळही करून ठेवला. रेडिओवर केटो हा साथीदार होता. १९६७ नंतर तो लोकांच्या लेखी खरा नायक झाला. पुढे ज्यानं ज्यानं हॉर्नेट करायला घेतला, त्याला ‘मग ब्रिटचं करायचं काय?’ हा प्रश्न सोडवावाच लागला.

६. चित्रपट यायला २०११ का उजाडलं?

कारण तो हातोहात फिरत राहिला. नव्वदच्या दशकात जॉर्ज क्लूनी आणि जेसन स्कॉट ली यांची नावं घेतली जात होती. नंतर केटोसाठी जेट लीचं नाव आलं. दिग्दर्शक मिशेल गोंड्री १९९७ च्या सुमारास या चित्रपटाशी जोडले गेले होते, म्हणजे त्यांचा एकही पूर्ण लांबीचा चित्रपट यायच्या आधी! तेव्हा जमलं नाही. २००४ मध्ये केव्हिन स्मिथ यांच्याकडे काम गेलं, त्यांनी पटकथा लिहिली, चित्रपट झाला नाही. ती पटकथा २०१० मध्ये डायनामाइट या प्रकाशकानं कॉमिक म्हणून काढली.

मग सोनीनं २००७ मध्ये सेथ रोगनला घेतलं. तो आणि इव्हान गोल्डबर्ग लेखक, रोगनच नायक. दिग्दर्शक आणि केटो अशा दोन्ही भूमिकांसाठी हाँगकाँगचा स्टीफन चाऊ ठरला. आधी त्यानं दिग्दर्शन सोडलं, नंतर केटोही. दिग्दर्शनासाठी पुन्हा गोंड्रींना बोलावणं गेलं. खलनायकासाठी निकोलस केजशी बोलणी फिसकटली आणि क्रिस्टोफ वॉल्ट्झ आला. प्रदर्शनाची तारीख २०१० च्या उन्हाळ्यातून डिसेंबरात गेली आणि शेवटी १४ जानेवारी २०११ वर थांबली. अमेरिकेत जानेवारी म्हणजे स्टुडिओंची माळ्यावरची अडगळ काढायचा महिना. तारीख पाहूनच जाणकारांनी ओळखलं होतं.

७. चित्रपटाची गोष्ट थोडक्यात सांगाल का?

लॉस एंजेलिस. ‘डेली सेंटिनेल’चे करारी मालक जेम्स रीड मधमाशी चावून वारतात, निदान तसं सांगितलं जातं. त्यांचा उडाणटप्पू मुलगा ब्रिट घरातल्या बहुतेक नोकरांना काढून टाकतो. सकाळची कॉफी बेचव लागल्यावर ती करणारा माणूस परत बोलावतो, तो केटो. दोघे पिऊन बापाच्या पुतळ्याचं मुंडकं उडवायला जातात, तिथून परतताना एका जोडप्याला गुंडांपासून वाचवतात आणि गैरसमजातून स्वतःच गुन्हेगार ठरतात. ब्रिटला कल्पना सुचते: आपण गुन्हेगाराचं सोंग घेऊन गुन्हेगारांनाच झोडपू. शहराचा दादा चुडनोफ्स्की खवळतो. शेवटी कळतं की जिल्हा सरकारी वकील स्कॅनलनच बापाला मारलं, कारण गुन्ह्यांच्या बातम्या दाबायला जेम्सनं नकार दिला होता.

८. जगभर २२ कोटी डॉलर कमावले, मग फसला कसा म्हणता?

आकडा बरोबर आहे, साधारण २२ कोटी ७० लाख. त्यातले अमेरिका-कॅनडातले दहा कोटींना किंचित कमी. पण खर्च ११ ते १२ कोटींचा होता आणि त्यात जाहिरातीचे पैसे धरलेले नाहीत. तिकिटाचा मोठा हिस्सा थिएटरवाले ठेवतात हे ध्यानात घेतलं की हाती उरतं ते फार नाही. पहिल्या तीन दिवसांत ३ कोटी ३५ लाख आले, जानेवारीच्या मानानं चांगलेच. ज्याला सपशेल आपटणं म्हणतात तसा हा आपटला नाही. फसला तो दुसऱ्या अर्थानं: समीक्षकांनी बहुतांशी नाकारला, रॉजर एबर्ट यांनी चारपैकी एक तारा दिला, आणि ज्या चित्रपटातून मालिका उभी राहायची होती तो एकटाच राहिला (प्रश्न १६).

९. मग नेमकं बिघडलं कुठे?

बहुतेक लोक म्हणतात, रोगन चुकीचा निवडला. माझं मत वेगळं आहे. गोष्टीचा कणा होता तो वर्तमानपत्र, आणि चित्रपटाला त्याचं काय करायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

रेडिओवरच्या ब्रिटला मुखवटा का लागतो? कारण त्याच्यापाशी छापखाना आहे, पण छापण्याजोगा पुरावा नाही. पुरावा मिळवायला कायद्याबाहेर जावं लागतं आणि मिळवला की तो छापून कायद्याच्या हवाली करायचा असतो. रात्रीचं काम दिवसाच्या कामासाठी. चित्रपटातला ब्रिट उलटं करतो. तो वर्तमानपत्र वापरतो ते हॉर्नेटची जाहिरात करायला. पहिल्या पानावर रोज हॉर्नेट, हॉर्नेट, हॉर्नेट. एडवर्ड जेम्स ओल्मोस यांनी साकारलेला ॲक्सफर्ड इथे जुनाजाणता संपादक आहे. मालकाचं हे खूळ त्याला पटत नाही आणि प्रेक्षकाला त्याचं म्हणणं पटतं. पण पटकथा त्याला बाजूला सारून पुढे निघून जाते. शहरात गुन्हा म्हणजे काय, कोणाचं काय लुबाडलं जातंय, हे आपल्याला एकदाही धड दिसत नाही.

शेवटचा प्रसंग जवळून बघा. ब्रिट सुशीच्या आकाराच्या पेनड्राइव्ह रेकॉर्डरवर स्कॅनलनचा कबुलीजबाब टिपल्याच्या समजुतीत आहे. तो जगासमोर आणायला ब्लॅक ब्यूटी ‘सेंटिनेल’च्या इमारतीत घुसते, छापखान्यात यंत्रांमधून धावते, मग लिफ्टमध्ये तिचा मागचा अर्धा भाग तुटतो आणि उरलेली अर्धी गाडी पुढच्या चाकांवर बातमीदारांच्या टेबलांमधून सुसाट सुटते. कल्पना झकास! मुखवटेवाला अक्षरशः स्वतःच्या वर्तमानपत्रातून गाडी चालवतोय. आणि ब्रिट संगणकापाशी पोचतो तेव्हा कळतं की रेकॉर्डिंग झालंच नव्हतं. हशा पिकतो. मग स्कॅनलनला त्याच अर्ध्या गाडीनं खिडकीबाहेर ढकललं जातं. पुरावा नाही, बातमी नाही. ज्या एका क्षणी ही गोष्ट आपल्या मुळाशी जाणार होती, तिथे तिनं विनोद निवडला. त्याच वर्तमानपत्राचा असा वापर आणि प्रश्न ३ मधला पेपरवाला पोऱ्या शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल.

१०. म्हणजे विनोदी केला हेच तुम्हाला खटकलं?

नाही. रेडिओवरही विनोद होता, ॲक्सफर्डच्या रूपानं भरपूर. पण तिथे नायकाभोवती विनोद होता. इथे नायकच विनोद आहे आणि तोही एकाच सुरातला: बडबड, बढाई, फजिती. वायूची बंदूक ब्रिट चुकून स्वतःवरच झाडतो आणि अकरा दिवस झोपतो. हे एकदा हसवतं. पण दोन तासांच्या चित्रपटात ब्रिटनं कुठेतरी बापाचं ओझं उचलावं, असं वाटत राहतं. तशी सोयही आहे. ‘बाप कठोर होता पण स्वच्छ होता’ हे त्याला उशिरा कळतं. टॉम विल्किन्सननं मोजक्या प्रसंगांत तो बाप असा उभा केलाय की त्याच्यासाठी वेगळा चित्रपट बघायला मी तयार आहे. मुलाला मात्र हे कळल्याचा पुरावा म्हणजे पुतळ्याचं मुंडकं परत जोडणं, इतकंच.

दारू पिऊन दंगा करणाऱ्या दोन मित्रांची गोष्ट रोगन-गोल्डबर्ग यांना उत्तम लिहिता येते. ती त्यांनी इथेही लिहिली आणि वर मुखवटा चढवला.

११. जे चाऊ केटो म्हणून कसा वाटला?

चांगला. तैवानचा हा प्रचंड लोकप्रिय गायक-संगीतकार, इंग्रजी चित्रपटात नवा आणि भाषेशी झटणारा. तरी शांत बसून पडदा खातो. कॉफीचं यंत्र दाखवण्याचा त्याचा पहिला प्रसंग बघा: दट्टे, नळ्या, वाफ, वरती अलगद येणारा फेस आणि चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. ब्रिट ज्याला ‘माझा माणूस’ म्हणतो, तो त्याच्यापेक्षा सगळ्यात सरस आहे हे त्या कपातच कळतं. केटोच्या वहीत ब्रूस लीचं रेखाटन दिसतं, ती मानवंदना नजरेआड करू नका. श्रेयनामावलीवर चाऊचं स्वतःचं ‘नुनचाकू’ हे गाणं वाजतं.

चित्रपटाला हेही ठाऊक आहे की श्रेय ब्रिट घेतो आणि काम केटो करतो. दोघांची घरात जुंपते, फर्निचरचा भुगा होतो. त्या भांडणात एक खरी गोष्ट दडली होती: नाव मालकाचं, घाम दुसऱ्याचा. पण भांडणाचं निमित्त एक बाई ठेवल्यामुळे ते शाळकरी पोरांचं होऊन बसतं.

१२. केटो नक्की कुठला? कुठे जपानी, कुठे फिलिपिनो लिहिलेलं असतं.

सगळंच कुठे ना कुठे बरोबर आहे. रेडिओवर सुरुवातीला जपानी, नंतर फिलिपिनो. १९४० च्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या, भागाभागानं दाखवलेल्या चित्रपट-मालिकेत तो कोरियन आहे आणि भूमिका चिनी वंशाच्या की लूक यांची. २०११ मध्ये शांघायचा. ‘पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि रातोरात जपानी केटो फिलिपिनो झाला’ ही गोष्ट सांगायला मस्त आहे, पण फिलिपिनो असल्याचा उल्लेख हल्ल्याच्या आधीपासूनच होता. नव्या चित्रपटानं या गोंधळावर एक चिमटा काढलाय: केटो शांघायचं नाव घेतो आणि ब्रिट म्हणतो, मला जपान फार आवडतो.

१३. गोंड्रींसारखा कल्पक दिग्दर्शक असून त्यांची छाप का दिसत नाही?

दिसते, तुकड्यांत. हॉर्नेटवर इनाम लागल्याची बातमी शहरभर पसरते तो प्रसंग पाहा. एका चित्रचौकटीतून दुसरी फुटते, तिच्यातून तिसरी, आणि प्रत्येक चौकटीतला माणूस पुढच्याला गाठत आपापल्या रस्त्यानं निघतो. कुजबुज कशी पसरते हे पडद्यावर इतकं सोपं करून मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. केटोला मारामारीत वेळ ताणलेला दिसतो, धोक्याच्या वस्तू लाल उठतात, तेही त्यांचंच वळण. बाकी चित्रपट मोठ्या स्टुडिओच्या साच्यातला आहे आणि या तुकड्यांशी त्याचं गोत्र जुळत नाही.

१४. वॉल्ट्झ आणि कॅमेरन डियाझ यांचं काय?

ऑस्कर घेतल्यानंतर लगेचच्या काळातला वॉल्ट्झ इथे वाया गेलाय, पण पूर्ण नाही. चुडनोफ्स्कीला काळजी आहे की आपण पुरेसे भीतीदायक दिसत नाही. म्हणून तो लाल कपडे घालून ‘ब्लडनोफ्स्की’ व्हायचं ठरवतो. पहिल्याच प्रसंगात जेम्स फ्रँको त्याला कपड्यांवरून टोमणे मारतो, तिथे हे उत्तम जमलंय. पुढे तोच विनोद उगाळला जातो.

डियाझची लेनोर केस गुन्हेशास्त्र शिकलेली आहे. तिनं सहज बोलून दाखवलेले अंदाज हेच हॉर्नेटचे बेत बनतात. म्हणजे डोकं तिचं, हात केटोचे आणि मुखवटा ब्रिटचा. कागदावर हे फार मजेदार आहे. पडद्यावर तिच्या वाट्याला दोघांना दटावण्याचंच काम जास्त येतं.

१५. रेडिओवरून आलेले सगळेच नायक पडद्यावर फसतात का?

यादी उत्साहवर्धक नाही. ‘द लेजंड ऑफ द लोन रेंजर’ (१९८१) मध्ये नायकाचा आवाजच दुसऱ्या नटाकडून डब करून घेतला. रेडिओवर निव्वळ आवाजाच्या जोरावर मोठ्या झालेल्या माणसाचं हे झालं! शिवाय जुन्या टीव्हीवरचा लाडका लोन रेंजर क्लेटन मूर यांना मुखवटा घालून कार्यक्रम करायला हक्कदारांनी कोर्टातून मनाई आणली आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. २०१३ चा डिस्नेचा ‘द लोन रेंजर’ वीस कोटी डॉलरहून जास्त खर्चाचा, जगभराची कमाई २६ कोटींच्या घरात. स्टुडिओला मोठा खड्डा पडला.

‘द शॅडो’ (१९९४, ॲलेक बाल्डविन) हे नाव पत्रांतून सतत येतं. ते अर्धवट उदाहरण आहे. शॅडो १९३० मध्ये रेडिओवर फक्त निवेदकाचा आवाज म्हणून आला, पात्र म्हणून मासिकांत वाढला, आणि १९३७ मध्ये ऑर्सन वेल्सच्या आवाजात रेडिओचा नायक झाला. रेडिओनं त्याला दिलेली शक्ती अशी की तो लोकांच्या मनावर पडदा टाकून अदृश्य होतो. रेडिओवर हे करायला एक पैसा लागत नाही, तिथे सगळेच अदृश्य. पडद्यावर मात्र अदृश्य माणूस दाखवायचा तर सावली, धूर, हसणं असा सगळा खटाटोप, आणि एवढं करून भीती वाटत नाहीच.

उलट दिशेनंही बघा. सुपरमॅन कॉमिक्समधून रेडिओवर गेला आणि क्रिप्टोनाइट ही त्याची प्रसिद्ध कमजोरी १९४३ मध्ये रेडिओवर पहिल्यांदा आली. पुढे कॉमिक्सनं आणि चित्रपटांनी ती तिथून उचलली. रेडिओतलं घ्यायचं काय हे ज्याला कळलं, त्याचं फावलं.

१६. दुसरा भाग का आला नाही? नवा येणार का?

खर्चाच्या मानानं मिळकत पुरेशी नव्हती. तेवढ्याच कमाईवर कमी खर्चात बनवला असता तर कदाचित आला असता. त्यानंतर हक्क पुन्हा फिरले. २०२० मध्ये अमासिया कंपनीनं ते घेतले आणि युनिव्हर्सल सोबत आलं. प्रश्न ६ वाचलेल्यांनी तिकिटाचे पैसे एवढ्यात बाजूला काढू नयेत.

१७. थ्रीडीमध्येच बघावा का?

गरज नाही. चित्रीकरण साध्या कॅमेऱ्यांनी झालं, थ्रीडी नंतर चढवलं. श्रेयनामावली सोडली तर फार काही हुकत नाही.

१८. टीव्ही मालिकेची ट्रम्पेटची धून कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते.

बरोबर. अल हर्ट यांनी वाजवलेली ती झपाटलेली धून ‘किल बिल’च्या पहिल्या भागात आहे. बहुतेकांना ती तिथूनच माहीत असते. मूळ मात्र प्रश्न ३ मधलीच ‘बंबलबी’, जॅझच्या अंगानं.

१९. नव्यानं ओळख करून घ्यायची तर सुरुवात कुठून करावी?

रेडिओच्या भागांपासून. बरेच भाग ध्वनिमुद्रित स्वरूपात टिकले आहेत, आवाज खरखरीत असला तरी शब्द कळतात. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धातले आधी ऐका, तोवर पात्रं मुरलेली आहेत. प्रश्न ४ मधला बाप-लेकाचा भाग त्यांतच सापडेल, पण तो पहिला ऐकू नका. दहाबारा भाग झाल्यावर त्याची खरी गंमत येते. मग १९६६ च्या मालिकेतले दोनचार भाग ब्रूस लीसाठी. त्यानंतर २०११ चा चित्रपट बघितलात तर राग कमी येतो आणि चाऊ, गोंड्री, अर्धी गाडी यांची मजा सुटी घेता येते.

१९४० ची १३ भागांची चित्रपट-मालिकाही बघण्यासारखी आहे, फक्त एका बैठकीत संपवू नका. ती आठवड्याला एक भाग या हिशेबानं बनवलेली आहे. सलग पाहिली तर दर वीस मिनिटांनी हॉर्नेट मेल्यासारखा वाटतो, पुढच्या मिनिटाला जिवंत निघतो आणि चौथ्या भागानंतर त्याची काळजी वाटणं बंद होतं.